सांद्रा आणि तिथले गुंजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांद्रा हा ग्रह आणि त्यावर राहणारे गुंजार हे पंखधारी, कीटकासारखे दिसणारे जीव माझ्या कल्पनेतले आहेत. त्यांच्याविषयीचे आकडे मी ठरवलेले आहेत, मात्र ते मनाला येतील तसे ठरवलेले नाहीत. पृथ्वी, टायटन, जीवाश्म आणि आजचे कीटक यांच्याविषयी खाली जे लिहिले आहे ते प्रत्यक्षातले आहे, आणि गुंजारांचे प्रत्येक अंग त्याच कसोटीवर घासून घेतले आहे. आधी प्राणी रंगवायचा आणि मग त्याला शोभेल असा ग्रह पाठीमागे टांगायचा, हा क्रम मला मान्य नाही. म्हणून येथे ग्रह आधी येतो.

सांद्रा कोठे आहे आणि तिचा सूर्य कसा आहे?

सांद्रेचा सूर्य नारिंगी रंगाचा, आपल्या सूर्याहून लहान आणि मंद आहे. त्याचा नमुना मी हंस तारकासमूहातील 61 हंस या जोडताऱ्यातील थोरल्या ताऱ्यावरून घेतला. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांनी 1838 साली ज्या ताऱ्याचे अंतर मोजून दाखवले तो हाच, आपल्यापासून सुमारे 11.4 प्रकाशवर्षांवरचा. असे तारे इंधन जपून जाळतात. आपल्या सूर्याचे स्थिर आयुष्य साधारण 1000 कोटी वर्षांचे धरले जाते, तर नारिंगी बुटक्या ताऱ्यांचे त्याहून कितीतरी अधिक असते, आणि उत्क्रांतीला वेळ लागतो हे लक्षात घेता मला असाच सूर्य हवा होता. तारा मंद असल्यामुळे ऊब मिळण्यासाठी ग्रहाला त्याच्या जवळ राहावे लागते. त्यामुळे सांद्रेचे वर्ष आपल्या सुमारे 106 दिवसांत संपते. या लेखनात ‘वर्ष’ म्हटले की पृथ्वीचे वर्ष समजावे, सांद्रेचे असल्यास तसे सांगितले आहे.

सांद्रेची त्रिज्या पृथ्वीच्या 0.8 पट, गुरुत्वाकर्षण 0.6 पट आणि पृष्ठभागावरील हवेची घनता तिप्पट आहे. बाकी सारे या तीन आकड्यांतून निघाले आहे.

पृथ्वीवर गुंजारांएवढे कीटक का नाहीत?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर एका कारणात मावत नाही.

पहिले कारण भूमितीचे आहे. प्राण्याची लांबी दुप्पट झाली की त्याचे वजन आठपट होते, पण पायाचा काटछेद आणि पंखाचे क्षेत्रफळ चौपटच वाढते. गॅलिलिओने 1638 साली हाडांच्या संदर्भात हा हिशेब मांडला होता, आणि तो कीटकाच्या कवचालाही तितकाच लागू पडतो.

दुसरे कारण श्वासाचे. कीटकाला फुप्फुसे नसतात. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना श्वासरंध्रे असतात, तेथून श्वासनलिका आत जातात, फाटत फाटत केसाहून बारीक होतात आणि थेट पेशींपर्यंत हवा पोहोचवतात. रक्तावर प्राणवायू वाहण्याचा भार जवळजवळ नसतोच. लहान शरीरात ही व्यवस्था अत्यंत कार्यक्षम आहे, कारण प्राणवायूचे विसरण, म्हणजे दाटीकडून विरळाकडे आपोआप पसरणे, पाण्यातल्यापेक्षा हवेत सुमारे दहा हजार पट वेगाने होते. पण शरीर वाढले की नळ्या लांबतात, त्यांना अधिक जागा लागते आणि विशेषतः पायांच्या सांध्यांत ती जागा पुरेनाशी होते.

तिसरे कारण इतिहासातले आहे. फ्रान्समधील कोमांत्री येथे 1880 साली एका प्रचंड कीटकाचे जीवाश्म मिळाले आणि 1885 साली शार्ल ब्राँन्यार यांनी त्याला ‘मेगान्युरा’ हे नाव दिले. आपल्या चतुराचा हा दूरचा नातलग सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या पंखांचा विस्तार 65 ते 70 सेंटिमीटर होता. त्या काळी हवेत प्राणवायूचे प्रमाण आजच्या 21 टक्क्यांऐवजी 30 टक्क्यांच्या आसपास असावे, असा अंदाज आहे. त्या प्रमाणाशी कीटकांच्या आकाराची सांगड बराच काळ जुळलेली दिसते. पुढे साधारण 15 कोटी वर्षांपूर्वी, पक्षी आकाशात आल्याच्या सुमारास, ती सुटते. प्राणवायू वाढला तरी कीटक वाढले नाहीत, कारण मोठा आणि संथ कीटक चपळ पक्ष्याच्या चोचीत सहज सापडत असणार.

आज सर्वांत जड प्रौढ कीटकांपैकी एक, न्यूझीलंडचा महाकाय वेटा, सुमारे 70 ग्रॅमचा आहे, आणि तो उडत नाही.

मग सांद्रेवर ते कसे जमते?

एका जागी तरंगत राहण्यासाठी उडणाऱ्या जिवाला किती शक्ती लागते, याचा ढोबळ नियम असा की वजनाच्या दीडाव्या घातानुसार ती वाढते आणि हवेच्या घनतेच्या वर्गमुळानुसार कमी होते. गुरुत्वाकर्षण 0.6 पट आणि घनता तिप्पट धरली तर तेवढ्याच वस्तुमानाच्या आणि तेवढ्याच पंखांच्या प्राण्याला पृथ्वीच्या मानाने फक्त 27 टक्के शक्ती पुरते. म्हणून प्रौढ गुंजार 3 किलोचा असूनही चार पंखांवर, दीड मीटरच्या विस्तारात, झाडावरून झाडावर जाऊ शकतो. लांबच्या प्रवासात मात्र तोही घारीसारखा वाऱ्यावर पंख पसरून राहतो.

असे जग विश्वात संभवते का, याचा दाखला आपल्याच सूर्यमालेत आहे. शनीचा उपग्रह टायटन याच्यावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सातव्या हिश्श्याएवढे आणि हवा चौपटीहून अधिक दाट आहे. उणे 179 अंश सेल्सिअसची थंडी सोडली तर उडण्यासाठी त्याहून सोपी जागा आपल्या ओळखीची नाही. तेथे पंख्यांवर उडणारे यान पाठवण्याची नासाची योजना असून प्रक्षेपण 2028 साली आणि आगमन 2034 साली नियोजित आहे. त्या यानाचे नाव ‘ड्रॅगनफ्लाय’, म्हणजे आपला चतुर. हे नाव वाचले तेव्हा मला झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

दाट हवेचे तोटे नाहीत का?

आहेत. वाऱ्याचा रेटा घनतेच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे सांद्रेवरचा ताशी 60 किलोमीटरचा वारा पृथ्वीवरच्या ताशी 104 किलोमीटरच्या वाऱ्याइतका ढकलतो. गुंजारांच्या वस्त्या नेहमी कड्यांच्या आडोशाला असतात त्या यामुळेच. उलट पडण्याचे भय कमी आहे, कारण वरून पडणाऱ्या वस्तूचा कमाल वेग पृथ्वीवरच्या निम्म्याहूनही कमी राहतो. शिवाय गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे वातावरण उंचीनुसार सावकाश विरळ होते. ढोबळ हिशेबाने सांद्रेवर 15 किलोमीटर उंचीवर जी हवा मिळते, ती घनतेने आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या हवेएवढी असते. तेथली थंडी सोसली तर डोंगरमाथेही गुंजारांना मोकळे आहेत.

एवढे करण्यापेक्षा हवेतला प्राणवायू वाढवला असता तर चालले नसते का?

माझा पहिला आराखडा तसाच होता, आणि तो दोन ठिकाणी चुकला होता.

पहिली अडचण आगीची. प्राणवायू 35 टक्क्यांच्या वर गेला की ओली झाडीही पेट घेऊ लागते आणि वीज पडून लागलेला वणवा विझता विझत नाही. जंगलात राहणाऱ्या जिवांना असे जग टिकू देणार नाही. म्हणून मी उलट केले. सांद्रेची हवा बहुतांशी नायट्रोजनची असून तीत प्राणवायू फक्त 14 टक्के आहे, परंतु एकूण दाब आपल्या तिप्पट असल्यामुळे प्राणवायूचा वाटा, दाबाच्या हिशेबाने, पृथ्वीच्या दुप्पट पडतो. हा तोडगा सुचला तेव्हा प्रश्न सुटला असे मला वाटले.

दुसरी चूक तेथेच दडलेली होती. दाब तिप्पट केला की प्राणवायूचे रेणू तिपटीने दाटतात हे खरे, पण सगळेच रेणू दाटल्यामुळे ते एकमेकांच्या वाटेतही तितकेच येतात आणि विसरण तिपटीने मंदावते. हवेने भरलेल्या नळीतून केवळ विसरणाने किती प्राणवायू आत पोहोचेल, हे शेवटी दाबावर नव्हे तर टक्केवारीवर ठरते, आणि सांद्रेवर ती आपल्याहून कमी आहे. म्हणजे साध्या कीटकाची श्वसनव्यवस्था तेथे पृथ्वीपेक्षाही कमी पडेल. हे लक्षात आल्यावर गुंजाराचे धड मी पुन्हा नव्याने रचले.

गुंजार श्वास कसा घेतात?

पंप करून. आपल्याकडेही नाकतोडा आणि मधमाशी पोटाचे कडे आकुंचित-प्रसरित करून नलिकांतील हवा खेळती ठेवतात आणि त्यांच्या शरीरात हवेच्या लहान पिशव्या असतात. गुंजारांत हीच व्यवस्था पूर्णत्वाला गेली आहे. छातीच्या पुढच्या रंध्रांतून हवा आत येते, पिशव्यांतून एकाच दिशेने सरकत मागच्या रंध्रांतून बाहेर पडते आणि उड्डाणाचे स्नायूच तिला ढकलतात. हवा दाट असल्यामुळे पंपाच्या प्रत्येक ठोक्याला अधिक प्राणवायू आत येतो आणि नळीच्या टोकाशी, पेशीच्या भिंतीपलीकडच्या द्रवात शिरताना, दुप्पट दाब कामाला येतो. याशिवाय त्यांच्या रक्तात प्राणवायू वाहणारे तांब्याचे संयुग आहे, जसे आपल्या खेकड्यांच्या रक्तात असते. त्यामुळे त्यांचे रक्त निळसर दिसते.

म्हणजे गुंजार हे कीटकच का?

नाहीत. पृथ्वीच्या कीटकांशी त्यांचे रक्ताचे नाते असू शकत नाही. मात्र सारख्या अडचणींना जीवसृष्टी वेगवेगळ्या वाटांनी सारखी उत्तरे शोधते. पृथ्वीवरच स्नायूंच्या बळावर उडण्याची कला कीटक, टेरोसॉर (डायनोसॉरांच्या काळातले उडणारे सरीसृप), पक्षी आणि वटवाघळे अशी चार वेळा स्वतंत्रपणे उगम पावली. सांद्रेवर ती आणखी एकदा आली, एवढेच.

त्यांचे पंख कशापासून उत्क्रांत झाले?

पृथ्वीवरच्या कीटकांबाबत हा वाद जुना आहे. पंख छातीच्या कवचाच्या बाजूला फुटलेल्या पत्र्यांतून आले असे एक मत, पायाच्या मुळाशी असलेल्या कल्ल्यांसारख्या उपांगांतून आले असे दुसरे, आणि दोन्हींच्या मिलाफातून आले असे तिसरे. पंखांचे निर्विवाद जीवाश्म सुमारे 32 कोटी वर्षांपूर्वीपासून मिळतात, तेव्हा पंख पूर्ण तयारच दिसतात. मधल्या पायऱ्या दगडात सापडलेल्या नाहीत.

सांद्रेसाठी मी दुसरी वाट निवडली, कारण ती तिथल्या भूगोलाशी जुळते. गुंजारांचे पूर्वज उथळ, कुबट दलदलीत राहत. कुजणाऱ्या पाल्यामुळे त्या पाण्यात प्राणवायू फार थोडा असे, म्हणून अंगाच्या बाजूचे कल्ल्यांचे पत्रे हलवून पाणी खेळते ठेवावे लागे. (आपल्याकडे मेफ्लाय नावाच्या कीटकाची पाण्यातली पिल्ले आजही असेच पत्रे फडफडवतात.) दलदली आटू लागल्या तेव्हा हे जीव पाण्याच्या पृष्ठभागावर आले आणि तेच पत्रे वल्ह्यांसारखे मारत सरकू लागले. स्टोनफ्लाय नावाचे काही कीटक दुबळ्या पंखांनी पाण्यावर असेच सरकतात आणि उड्डाणाची ही पहिली पायरी असावी, असे मत 1994 साली मांडले गेले. ते पृथ्वीबाबत सर्वांना पटलेले नाही. सांद्रेवर मात्र हवा तिप्पट दाट असल्यामुळे अर्धवट पंखाचाही उपयोग होतो, आणि सरकण्यापासून उचलले जाण्यापर्यंतचे अंतर फार थोडे उरते.

यातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. पक्ष्यांनी आणि वटवाघळांनी पंख मिळवण्यासाठी हात दिले. कीटकांनी काहीच दिले नाही, कारण त्यांचे पंख पायांव्यतिरिक्त आले. गुंजारांचेही तसेच झाले. चार पंख आल्यावरही त्यांचे सहा पाय शिल्लक राहिले, त्यांतले मागचे चार फांदी धरतात आणि पुढचे दोन, टोकाला तीन बोटांसारखे आकडे असलेले, मोकळे राहतात. उडणारा प्राणी एकाच वेळी हातांनी गाठ मारू शकतो. गुंजारांची बुद्धी या मोकळ्या हातांच्या मागोमाग वाढली.

तीन किलोचा जीव कात कशी टाकतो? मऊ पडल्यावर तो स्वतःच्या भाराने चेपला जाणार नाही का?

शंका रास्त आहे. पृथ्वीवरचा नारळी खेकडा सुमारे 4 किलोपर्यंत वाढतो, आणि कात टाकताना त्याला आठवडेच्या आठवडे जमिनीखाली बिळात लपून राहावे लागते. गुंजारांची सारी वाढ पाण्यात होते, जेथे शरीराचा भार पाणी उचलते. बाहेर आल्यावर ते पुन्हा कात टाकत नाहीत, जसे बहुतेक सर्व कीटक पंख आल्यावर टाकत नाहीत. शिवाय कीटकांच्या कवचाला आतल्या बाजूने स्नायू अडकवण्यासाठी ज्या कायटिनच्या, म्हणजे कवचाच्याच द्रव्याच्या, पट्ट्या फुटतात, त्या गुंजारांत एकमेकींना जुळून आतली तुळईसारखी चौकट तयार झाली आहे. त्यामुळे जाड, जड कवचाची गरज उरलेली नाही.

पिल्लांचे बालपण आणि रूपांतर यांविषयी सांगाल का?

पिल्लू सांद्रेची सुमारे 40 वर्षे, म्हणजे आपली साडेअकरा-बारा वर्षे, तळ्यात काढते. त्यानंतर ते कोषात जाते आणि बाहेर येते ते पंख घेऊन.

येथे विचारले जाते की रूपांतरात शरीर विरघळते, मग आठवणींचे काय होते. तंबाखूवरच्या एका पतंगावर केलेल्या आणि 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अळीच्या शेवटच्या अवस्थेत विशिष्ट वास टाळायला शिकवलेल्या कीटकांनी पतंग झाल्यावरही तो वास टाळला. अगदी लहान अळ्यांना शिकवलेले मात्र टिकले नाही. गुंजारांच्या समाजाचा सारा पाया या फरकावर उभा आहे. मोठी माणसे जशी मुंजीनंतर खरे अध्ययन सुरू होते असे मानीत, तसे गुंजार तळ्यातल्या शेवटच्या काही ऋतूंनाच शिक्षणाचा काळ मानतात. आईबाप रोज काठावर येऊन पिल्लांशी बोलतात, कारण आधीचे बोलणे पुसले जाईल आणि आताचे राहील हे त्यांना ठाऊक असते. आपल्याला पाण्यात कोणी वाढवले, हे मात्र कोणाही प्रौढ गुंजाराला पूर्णपणे आठवत नाही. ही कल्पना लिहिताना मी स्वतः बराच वेळ थांबलो होतो.

त्यांचे डोळे माशीसारखे आहेत का?

फक्त बाजूचे. चतुराच्या एका संयुक्त नेत्रात हजारो भिंगे असतात आणि हालचाल टिपण्यात तो बेजोड असतो, परंतु बारकावे दिसण्यात तो कमी पडतो. माणसाइतके स्पष्ट दिसायचे तर संयुक्त नेत्र सुमारे 1 मीटर रुंद असावा लागेल, असा हिशेब कूनो किर्शफेल्ड यांनी 1976 साली मांडला. म्हणून गुंजारांच्या कपाळावर, उड्या मारणाऱ्या कोळ्याला असतात तसे, एकाच भिंगाचे दोन मोठे डोळे आहेत, आणि संयुक्त नेत्रांचे पट्टे कानशिलांपाशी पहाऱ्याला राहिले आहेत.

गुंजारांना राणी असते का? ते पोळ्यात राहतात का?

नाही. कीटकासारखे दिसले की पोळे आलेच, असे समजण्याची सवय आहे, पण पृथ्वीवरच्या मधमाश्यांच्या सुमारे 20,000 प्रजातींपैकी बहुतेक एकेकट्या राहतात. गुंजार कुटुंबांनी राहतात आणि कड्यावर शेजार करतात.

एक गोष्ट मात्र मी सह्याद्रीतून उचलली आहे. कड्याला लागलेल्या आग्या मोहोळावर गांधीलमाशी घिरट्या घालू लागली की हजारो माश्या क्रमाने पोट उचलतात आणि पोळ्यावरून लाट धावल्यासारखी दिसते. गुंजारांच्या वस्तीत धोक्याची सूचना अशीच, पंख उघडण्याच्या लाटेने, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाते.

‘गुंजार’ हे नाव त्यांच्या उडण्याच्या आवाजावरून पडले का?

तसे वाटणे साहजिक आहे. डासाचे पंख सेकंदाला कित्येक शे वेळा हलतात म्हणून आपल्याला गुणगुण ऐकू येते. प्राणी जितका मोठा तितकी ही गती मंद, त्यामुळे 3 किलोच्या गुंजाराचे पंख सेकंदाला जेमतेम सहा-सात वेळा हलतात आणि त्यातून फक्त सूपाने पाखडल्यासारखा आवाज येतो. गुंजारव येतो तो ते बसलेले असताना, मागच्या पंखांच्या मुळाशी असलेला पडदा थरारल्यामुळे. कंप पावणारा पडदा दाट हवेला अधिक ऊर्जा देऊ शकतो, म्हणून त्यांचे बोलणे दरीच्या पलीकडेही पोहोचते.

आग नीट पेटत नसेल तर त्यांची संस्कृती कशी उभी राहिली?

पृथ्वीवर बंद जागेतल्या हवेत प्राणवायू 16 टक्क्यांच्या आसपास उतरला की मेणबत्ती विझते. सांद्रेवर 14 टक्के आहे आणि उरलेला नायट्रोजन ज्वालेची उष्णता शोषून घेतो, त्यामुळे कोळसे धुमसतात पण ज्वाला तग धरत नाही. याचा अर्थ भाजलेली मडकी नाहीत, लोखंड नाही, काच नाही. अनेकांनी सुचवले की प्राणवायू थोडा वाढवून हा पेच सोडवावा. मी तो मुद्दाम सोडवलेला नाही, कारण या अभावातूनच गुंजारांचे स्वतःचे कसब जन्माला आले.

त्यांच्याकडे रेशीम, मेण, राळ आणि चिकणमाती आहे. आपली कुंभारमाशी भट्टीशिवाय मातीचे घर बांधते, ते वर्षभर टिकते. गुंजार मातीत राळ आणि रेशमाचे तंतू मिसळून कड्याला भिंती बांधतात. रेशमाचे दोर वळून दरीवर जाळी टाकतात आणि वाऱ्याने तिच्यावर येणारा ताण मोजून हवामान ओळखतात. त्यांचे लिखाण गाठींचे आहे, कारण दोन हात आणि दोर ही त्यांची पहिली साधने होती. औषधे आंबवून तयार होतात. धातूंची ओळख त्यांना आहे, पण ती ओढ्यात सापडलेल्या सोन्याच्या आणि तांब्याच्या कणांपुरती, आणि ते कण दगडाने ठोकून दागिने करण्यापुरती.

हे जीव कोणत्या पृथ्वीवरच्या कीटकावरून सुचले?

पाऊस ओसरू लागला की माळावर पिवळसर चतुरांचे थवे येतात. यांतली पँटाला फ्लॅव्हेसन्स ही प्रजाती भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेत जाते, असे मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 साली मांडले. जाऊन-येऊन हा प्रवास 14,000 किलोमीटरहून अधिक भरतो आणि तो एका नव्हे तर अनेक पिढ्यांत मिळून पुरा होतो. गुंजारांचे मोठे स्थलांतरही असेच आहे. ज्याने ते सुरू केले त्याची नातवंडे पोहोचतात.

गुंजार पृथ्वीवर आले, किंवा माणूस सांद्रेवर गेला, तर काय होईल?

पृथ्वीवर गुंजाराला उडण्यासाठी पावणेचारपट शक्ती लागेल, म्हणून तो जमिनीवरून उठू शकणार नाही. उंचावरून सोडल्यास तिरपा तरंगत खाली येईल. श्वासासाठी त्याला हवेत प्राणवायूचा दाबही निम्माच मिळेल.

माणसाचे तुलनेने बरे चालेल. सांद्रेवरचा दाब समुद्रात 20 मीटर खोलीवर असतो तेवढा आहे आणि तेथली हवा फुप्फुसांना सोसण्यासारखी आहे. आवाज नेहमीसारखाच येईल, चालताना अंग हलके वाटेल, मात्र धावताना हवा अंगाला अडल्याचे जाणवेल. परत येताना पाणबुड्यांप्रमाणे दाब सावकाश उतरवावा लागेल, नाहीतर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे धरतील. रात्री उजेडासाठी विजेरी सोबत न्यावी लागेल, कारण काडी ओढली तर ठिणगी दिसेल, आणि ज्योत धरायच्या आत ती काजळून जाईल.